मोरीशेजारचं बटण

कुठलंही यंत्र घरात आलं की सगळ्यात आधी त्याची माहितीपुस्तिका माळ्यावर जाते. पुढं यंत्र अडलं, तर ती पुस्तिका खाली काढायच्या भानगडीत कुणी पडत नाही. यंत्रालाच दोन चापट्या मारून बघतात. माणसाच्या या स्वभावावर आश्लेषा शेवाळेचं पोट चालायचं. नाशिकच्या 'निर्झर वैद्यक' कंपनीत ती आकृत्या करायची. कंपनी घरच्या घरी वापरायची वैद्यकीय यंत्रं बनवायची, आणि वाचायची गरजच पडू नये असं प्रत्येक यंत्राचं एक चित्र आश्लेषा बनवायची. नळी कशाची आहे ते कळलं नाही? चित्रातल्या नळीवर बोट ठेवा, तिची माहिती उघडेल. पंप गुरगुरतोय? पंपावर बोट ठेवा. कंपनीच्या संकेतस्थळावरही तेच चित्र दारासारखं उभं असायचं. ज्याला जिथं जायचंय तिथून त्यानं आत शिरावं.

चित्र काढणं हा त्यातला सोपा भाग. खरी मेहनत चित्राच्या मागं असते. प्रत्येक भागाखाली दाबायची एक न दिसणारी जागा आखायची. बोटं जाडी असतात, म्हाताऱ्यांची थरथरतात, म्हणून ती जागा दिसणाऱ्या भागापेक्षा ऐसपैस ठेवायची, पण शेजाऱ्याच्या अंगणात घुसू द्यायची नाही. मग ती योग्य पानाशी बांधायची. एक गाठ चुकली, की पंपाबद्दल विचारणाऱ्याला पिशवीचं पुराण ऐकावं लागतं. आश्लेषाची गाठ सहसा चुकत नसे आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

तिचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे 'झरा'ची आकृती. ज्यांच्या किडन्या दमल्यात, त्यांच्यासाठी हे यंत्र होतं. पोटात कायमची बसवलेली एक बारीक नळी असते. संध्याकाळी तिच्यातून कोमट द्रावण पोटात भरायचं. रात्रभर ते रक्तातली घाण शोषून घेतं आणि सकाळी यंत्रानं ते बाहेर काढून टाकायचं. रुग्णालयाचे हेलपाटे वाचतात. असा एक 'झरा' कराडला, आश्लेषाच्या वडलांच्या घरी, टीव्हीच्या शेजारी उभा होता.

आप्पा, म्हणजे जयवंतराव शेवाळे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या फलाटाला लावण्यात त्यांची उभी हयात गेली. विजेच्या गाड्या आल्या, घोषणा यंत्रं करू लागली, तरी आप्पांचा आवाज काही खाली आला नाही. आई, शैलजाबाई, त्या आवाजाला पुरून उरली होती. यंत्र नवीन होतं तेव्हा रोज दिवेलागणीला दोघं त्या पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसत. आप्पा चष्मा लावून वाचत, आई बोट ठेवी, आणि मध्येच आप्पाही आपलं बोट घालत.

"तिथं नव्हं, वर, वर!"

"वरच हाय माझं बोट. तुमचा चष्मा खाली आलाय."

असं तास-तासभर चालायचं. यंत्राचं काम होई अर्ध्या तासात, बाकीचा वेळ भांडणाचा. आश्लेषा नाशकातून फोन करी तेव्हा मागं हीच लढाई ऐकू येई, आणि तिला घरी गेल्यासारखं वाटे.

मग ओळखीची आकृती आली.

मेंदूत जागा लक्षात ठेवणाऱ्या पेशी असतात, हे ज्ञान जुनंच. वस्तू आपण नावानं कमी आणि जागेनं जास्त लक्षात ठेवतो. दिवे गेले तरी गृहिणीचा हात हिंगाच्या डबीवर बरोबर पडतो, आणि डबी कुठं आहे ते तोंडानं सांग म्हटलं तर ती अडखळते. निर्झरच्या संशोधकांनी नवं काय केलं असेल, तर चुकणाऱ्या बोटाकडं नीट बघितलं. पडद्यावर काही शोधताना बोट आधी भलतीकडं झुकतं, क्षणभर थबकतं आणि मग योग्य जागी येतं. इतकी वर्षं सगळ्यांनी त्या झुकण्याला चूक म्हटलं होतं. यांनी उलटा विचार केला. बोट जिकडं झुकलं, तिथंच त्या माणसाच्या मनात ती वस्तू असणार. मग माणसाला कशाला वळवायचं? वस्तूच तिकडं न्यावी.

त्यासाठी पडदा बोटाचा झुकाव टिपायचा, डोळ्याची बाहुली कुठं गेली ते बघायचा आणि आकृतीतला प्रत्येक भाग रोज केसभर सरकवायचा. नेहमी लागणारा भाग मोठा होत जाई, न लागणारा लहान होऊन कडेला बसे. दाबताना माणूस जो शब्द पुटपुटेल, तोच हळूहळू बटणावर उमटे. महिना-दोन महिन्यांत आकृती त्या माणसाच्या मनासारखी होऊन जाई. दुसऱ्यानं हात लावला की पडदा बोट ओळखे आणि त्या दुसऱ्याची आकृती समोर आणे.

हलायची नाही ती फक्त एक गोष्ट: कुठला भाग कुठल्या भागाला जोडलाय ते. या जोडण्यांना अभियंते 'नाती' म्हणत. आश्लेषानं एकदा बैठकीत सहज म्हटलं, "नाती पक्की, जागा सैल." वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की ते कार्यालयाच्या भिंतीवर रंगवलं गेलं. फोनवर तिनं ते आप्पांना ऐकवलं, तर ते म्हणाले, "म्हणजे माझी कराड-चिपळूण गाडीच की. रस्ता पक्का, सीटा सैल."

त्या वर्षी आश्लेषा चार दिवस घरी गेली. आईनं यंत्राला हात लावला आणि पडद्यावर जे उमटलं, ते बघून आश्लेषा खुर्चीतच बसली. ते स्वयंपाकघर होतं. चित्र तसं नव्हतं, पण जागा सगळ्या त्याच. द्रावण गरम करणारा तापक उजवीकडं, ओट्यावर शेगडी असते तिथं. पिशव्या वर, फडताळात. घाण पाणी जायची नळी खाली डाव्या कोपऱ्यात, मोरीच्या जागी, आणि तिच्या शेजारी एक मोठं बटण. आईची बोटं त्यावरून अशी फिरत होती, जशी पोळ्या करताना फिरायची. बघावं लागत नव्हतं, थांबावं लागत नव्हतं. आपण केलेली गोष्ट आपल्या आईच्या मनाच्या इतक्या जवळ जाऊन बसावी, याचं तिला फार अप्रूप वाटलं.

सकाळी आप्पांनी हात लावला. स्वयंपाकघर गेलं आणि कराडचा स्टँड आला. फलाट ओळीनं, आत यायचं फाटक एकीकडं, बाहेर जायचं दुसरीकडं. बाहेरच्या फाटकाशी एक ठसठशीत बटण. सकाळी पोटातलं पाणी बाहेर काढायचं काम आप्पांनी स्वतःकडं घेतलं होतं आणि संध्याकाळी भरायचं आईकडं. आप्पांनी बटण दाबलं, "चला, लावली गाडी," म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.

घर शांत होतं. आई आत, आप्पा बाहेर. संध्याकाळीही आईनं एकटीनं सगळं उरकलं आणि आप्पा टीव्ही बघत राहिले.

"आता भांडत नाही का तुम्ही?" आश्लेषानं हसत विचारलं.

"कशावरून भांडायचं?" आई म्हणाली. "त्यांचं त्यांना दिसतंय, माझं मला दिसतंय."

आश्लेषाला कुठंतरी चुटपुट लागली. पण यंत्र वापरताना होणाऱ्या चुका सगळीकडं निम्म्यावर आल्या होत्या, डॉक्टर खूश होते, आणि आई-आप्पांचा अर्धा तास वाचत होता. तिनं ती चुटपुट प्रवासात विसरून टाकली.

वृंदा पारनेरकर या आकृती विभागाच्या प्रमुख. बाई कामाला वाघ आणि बोलायला रोखठोक. एका शुक्रवारी त्यांनी आश्लेषाला बोलावलं.

"मूळ आकृती काढून टाकायची आहे," त्या म्हणाल्या.

मूळ आकृती म्हणजे आश्लेषानं हातानं काढलेली पहिली, न बदलणारी आकृती. प्रत्येकाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात 'मूळ' अशी बारीक खूण असायची. ती एकटीच कधी सरकत नसे. दाबली की सगळ्यांना तेच एक राखाडी चित्र दिसे, भागांवर आकडे आणि साधे शब्द.

"कुणीही दाबत नाही ती," पारनेरकर म्हणाल्या. "यंत्रात काही बदललं की दोन्ही सांभाळायचं, दुप्पट काम. तू काढलेली आहेस, म्हणून तुझा होकार घ्यायचा. आणि एक. पुढच्या यंत्रांसाठी ओळखीच्या आकृत्यांचा वेगळा विभाग होतोय. तो तू सांभाळावास असं मला वाटतं. सोमवारी दोन्हींचं सांग."

आश्लेषानं तिथंच हो म्हटलं असतं. पण आपण काढलेलं चित्र पुसायला सांगायचं म्हणजे दोन दिवस तरी कुरवाळायला हवेत, असं वाटून ती सोमवारवर थांबली.

शनिवारी आई सोलापूरला गेली होती. मावशीच्या मुलीची हळद. यंत्र आल्यापासून आई पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती. "एक संध्याकाळ भरेन की मी माझं मी," असं आप्पांनीच तिला बजावून धाडलं होतं.

दिवेलागणीला आश्लेषाचा फोन वाजला. मागं हलगी-ताशाचा दणदणाट आणि त्यावर आईचा आवाज.

"आशू, तुझ्या आप्पांना काय तरी व्हायलंय! नळी जोडून झाली, पिशवी टांगून झाली. मी फोनवर नीट सांगितलं, आता मोरीशेजारचं लावा. त्यांनी लावलं आणि ओरडायलाच लागलेत!"

आश्लेषानं आप्पांनाही फोनवर घेतलं. त्यांचा श्वास लागला होता आणि मागं यंत्र टिटवीसारखं ओरडत होतं.

"आप्पा, काय होतंय?"

"पोटात... आतनं ओढतंय गं. यंत्र थांबलंय, पण ओढ सुटंना."

"तुम्ही काय दाबलंत?"

"ती म्हणाली लावा. हितं लिहिलंय लावा. मी लावलं!"

"मोरीशेजारचं?"

"मोरी कुठली हितं? जायच्या फाटकाजवळचं लावलं. दुसरं कुठलं हाय लावायला?"

तेव्हा आश्लेषाच्या ध्यानात आलं.

आईला बाहेर जायची नळी बंद करायची होती. मोरीचं झाकण लावावं, दार लावावं, तसं ती रोज ते बटण दाबताना "हे लावलं" म्हणायची आणि यंत्रानं तिचा शब्द बटणावर घातला होता. आप्पांचं लावणं वेगळं. गाडी लावली, म्हणजे ती फलाटावर येऊन निघायला तयार झाली. त्यांच्याही बटणावर त्यांचाच शब्द होता, आणि ते दाबलं की पाणी बाहेर काढणारा पंप सुरू व्हायचा. दार लावलं की मिटतं, दिवा लावला की पेटतो. हा शब्द आपण दिवसातून शंभरदा वापरतो आणि कधी गोंधळत नाही, कारण समोर दार आहे का दिवा, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही दिसत असतं. या दोघांच्या समोर आता एकच वस्तू राहिली नव्हती. सकाळीच रिकाम्या झालेल्या पोटातून यंत्रानं पाणी ओढायचा प्रयत्न केला, काही मिळेना म्हणून स्वतःला कुलूप घातलं, आणि नळीतली ओढ तशीच राहिली.

"नळी काढूनच टाकतो," आप्पा म्हणाले.

"नाही! आप्पा, नळीला हात लावू नका. अशी ओढून काढली तर जंतू आत जातील. आधी बाहेर जायची नळी बंद करायची आहे. त्या नळीवर एक चिमटा दिसतोय का?"

"चिमटा न्हाई. फलाट हायत."

"शेगडीच्या डावीकडं बघा की!" आई ओरडली.

"कुठली शेगडी, शैला? हितं शेगडी न्हाई!"

"कडेला बारीक काही दिसतंय?"

"मुंग्यांगत काय तरी हाय. वाचता येईना."

ते भरायचे भाग होते. आप्पांनी त्यांना कधी हात लावला नाही, म्हणून ते लहान होत होत कडेला गेले होते. हे चित्र तिनं केलेलं, या चित्राबद्दलची भिंतीवरची ओळ तिची, आणि आप्पांच्या पडद्यावर काय कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मदत-क्रमांकावर फोन लावला असता, तर तिथली बाईसुद्धा तिच्या स्वतःच्या आकृतीत बघून बोलली असती.

मग तिला कोपरा आठवला.

"आप्पा, अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात. 'मूळ' असं लिहिलंय. दिसतंय?"

"थांब." श्वासांचा आवाज. "मूळ. व्हय."

"दाबा. आई, तूही मोबाइलवर कंपनीचं पान उघड, झरावर बोट ठेव आणि कोपऱ्यातलं मूळ दाब."

तिनं आपल्या पडद्यावरही तेच केलं. राखाडी चित्र आलं. तिला ते इतकं साधं, इतकं बेंगरूळ कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं हवंसंही.

"अगंबाई, हे जुनं की!" आई म्हणाली. हलगीचा आवाज दूर गेला होता. ती मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेली असावी.

"आता तिघांना एकच दिसतंय. आप्पा, तीन आकडा शोधा. नळीवरचा चिमटा."

"तीन... हा हितं हाय."

"तिथं नव्हं, तो पाच हाय!" आई म्हणाली, जसं काही तिला सोलापुरातून त्यांचं बोट दिसत होतं. "तुम्ही कायम पाचावर जाताय. वर, वर!"

"वरच हाय माझं बोट."

"जरा आणखी वर. चष्मा सावरा."

"तीन," आप्पा म्हणाले. "हितं 'बंद करा' लिहिलंय."

"करा बंद," मायलेकी एकदमच म्हणाल्या.

यंत्राचं ओरडणं थांबलं. मग एक आकड्याचा चिमटा, तिथं 'उघडा', आणि कोमट पाण्याची बारीक धार आत गेली. आप्पांनी लांब श्वास सोडला.

"सुटली ओढ," ते म्हणाले.

पलीकडं आई रडत होती. हुंदके दाबायचा प्रयत्न करत होती, पण फोनमध्ये काही लपत नाही. "मी येते आत्ताच्या गाडीनं," ती म्हणाली.

"हळद टाकून? काही येऊ नको. बरं हाय मला." आप्पांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "फोन तेवढा ठेवू नकोस. भरून होईस्तोवर."

आईनं फोन ठेवला नाही. आश्लेषानंही ठेवला नाही. पोट भरेपर्यंत ती त्या दोघांचं बोलणं ऐकत बसली. हळदीला कोण आलं, कोण आलं नाही, जेवायला काय होतं आणि तीन नंबरचा चिमटा मुळात तिथं काढायला नको होता, असं आप्पांचं मत. तिला फार भीती वाटून गेली होती, आणि आता तितकंच बरं वाटत होतं.

सोमवारी ती पारनेरकरांच्या समोर जाऊन बसली.

"मूळ आकृती राहू द्या," ती म्हणाली आणि शनिवारची सगळी हकिकत तिनं सांगितली.

पारनेरकरांनी ऐकून घेतलं. आप्पांची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "वाईट झालं. पण यावर उपाय आहे. बटणावर माणसाचे शब्द घालायचे नाहीत, 'बंद' आणि 'सुरू' एवढेच ठेवायचे. प्रश्न मिटला."

"शब्दाचा दोष नव्हता, मॅडम. शब्द चांगला आहे. दोघांच्या समोर एक चित्र नव्हतं. एकमेकांना 'इथं' म्हणायला त्यांच्याकडं जागाच उरली नव्हती."

"आणि तुझं मूळ चित्र म्हणजे काय देवानं दिलेलं आहे? तेही कुणाच्या तरी डोक्यातलंच. तुझ्या. मी एकदा विचारलं होतं तुला, निचरा खाली डावीकडं का काढलास, तर तुला सांगता आलं नव्हतं."

आश्लेषा हसली. या प्रश्नाचं उत्तर तिला रविवारी सापडलं होतं. "आमच्या घरची मोरी खाली डावीकडं आहे. माझ्या मनातलीच जागा ती. पण आप्पांनी ती शिकून घेतली. रोज पाचावर बोट ठेवून, रोज आईच्या शिव्या खाऊन. आईनं घेतली, मदत-क्रमांकावरच्या बाईनं घेतली, तुम्ही घेतलीत. म्हणून ती सगळ्यांची झाली. ओळखीची आकृती चांगलीच आहे, मॅडम. एकट्या माणसाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण घरात दोघं असतात."

"कुणी दाबत नाही ती, आश्लेषा. हे तर खरं आहे ना?"

"आग विझवायची बादली तरी रोज कोण उचलतं?"

पारनेरकर हट्टी होत्या, पण अडेलतट्टू नव्हत्या. "नुसती ठेवून उपयोग नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातली खूण घाबरलेल्या माणसाला दिसेलच असं नाही. तुझ्या आप्पांना मुलगी आकृतिकार मिळाली, सगळ्यांना नाही मिळत."

त्यावर दोघींनी मिळून एक नियम ठरवला. एक माणूस यंत्रापाशी असेल, तर त्याची आकृती. दोन माणसं समोर बसली किंवा यंत्र वापरता वापरता फोन लागला, की पडद्यानं आपणहून मूळ आकृती आणायची. ती सांभाळायचं दुप्पट काम अर्थातच आश्लेषाच्या गळ्यात पडलं. मूळ आकृती आता प्रत्येक नव्या यंत्रासाठी हातानंच काढावी लागणार होती, त्यामुळं नवा विभाग सांभाळायला तिला वेळ उरला नाही आणि तो दुसऱ्याकडं गेला. दोन-तीन दिवस तिला त्याचं वाईट वाटलं. भिंतीवरची ओळ मात्र तिनं स्वतः स्टुलावर चढून पुसली. त्या जागी काय लिहायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून भिंत तशीच राहिली.

नियम सगळ्या यंत्रांवर पोचायला महिना गेला. त्यानंतर एका दिवेलागणीला आश्लेषानं कराडला फोन केला. हल्ली आई एकटी भरते का दोघं बसता, हे विचारायचं होतं. फोन आप्पांनी उचलला.

"आशू, मागनं बोलू गं. हितं तुझी आई चुकीचं दाबतीया."

"मी नव्हं, तेच!" मागून आईचा आवाज आला. "आता पाठ झालंय मला, तरी मध्ये बोट घालायलेत."

"तिथं नव्हं, शैला, वर, वर!"

आणि फोन कट झाला. दोघांपैकी कुणालाही ती मूळ आकृती बघायची गरज नव्हती. आईनं एकटीनं हात लावला असता, तर तिचं स्वयंपाकघर समोर आलं असतं आणि काम निम्म्या वेळात उरकलं असतं. तरी दोघं खुर्च्या ओढून बसली होती.

आश्लेषानं जेवणाचं ताट बाजूला सारलं, आपल्या पडद्यावर 'झरा'चं पान उघडलं आणि कोपऱ्यातलं 'मूळ' दाबलं. राखाडी चित्र आलं. तीन नंबरचा चिमटा होता तिथंच होता, आणि आप्पांचं बोट आत्ता नक्की पाचावर असणार हे तिला इथून दिसत होतं.